पुरानंतरच्या ओढ्यात पोकलेन घालण्याआधी

२२-२३ जुलै २०२१ला महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एक चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर एवढा पाऊस म्हणजे जवळपास सहा लाख घनमीटर पाणी. खाली पोलादपूर-महाडकडे दरडीही कोसळल्या. असा पाऊस झाला की सह्याद्रीतले ओढे ओळखू येत नाहीत.

एरवी तीव्र उतारावरचा ओढा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. मोठे धोंडे एकमेकांत अडकून पायरी होते, तिच्या पायथ्याशी डोह. पाण्याचा बराचसा जोर त्या डोहातच घुसळून जिरतो. तळाच्या पृष्ठभागावर जाड गोट्यांचा थर असतो आणि त्याच्या आडोशाने खालची वाळू-माती टिकून राहते. दरवर्षीच्या पुराला हा थर सहसा दाद देत नाही. अतिवृष्टीत तो फुटतो, मग खालचा सगळा माल एकदम सुटतो. वरच्या टप्प्यात कातळ उघडा पडतो. उतार मंदावतो तिथे धोंडे, रेती, झाडांचे बुंधे येऊन साचतात, डोह बुजतात, पात्र रुंदावून दोन-तीन धारांत फाटतं.

इथेच घाई होते. लगेच पोकलेन येतो, पात्र सरळ होतं, धोंडे काठावर रचले जातात. दिसायला छान! पण पायऱ्या पुन्हा बांधायला लागणारे दगड तेच असतात. ते काढले की पाणी सुसाट सुटतं, तळ खचतो आणि हे खचणं ओढ्याच्या वरच्या अंगाला सरकत जातं. बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो, काठच्या विहिरींची पातळीही उतरू शकते. काठावर नुसता रचलेला ढीग पुढच्या पुरात पुन्हा पात्रात येतो. मोरी आणि पुलाखालचं अडलेलं मोकळं करावंच, त्यात दुमत नाही. बाकी ठिकाणी मोठ्या धोंड्यांना हात लावू नये.

बारीक गाळ आधी जातो. त्यानंतर मध्यम पूर धोंडे पुन्हा अडकवत नेतात. त्याला वर्षं लागतात. दगडाखालचे किडे लवकर परततात, कारण त्यांचे पंखवाले प्रौढ शेजारच्या ओढ्यांतून उडत येतात. माशांना मात्र खालून चढून यायला वाट लागते. मध्ये उंच बंधारा असेल तर चढणीचे मासे तिथेच अडतात.

ओढा सावरतोय की नाही, हे मोजता येतं. पाऊस संपून पाणी उतरलं की एका ठरलेल्या जागी पात्र आडवं ओलांडत जा. दर पावलाला, खाली न बघता, बुटाच्या टोकाला बोट टेकवा आणि पहिला लागेल तो दगड उचला. त्याची लांबी किंवा जाडी नको, त्या दोन्हींच्या मधलं माप, म्हणजे रुंदी मोजा. असे १०० दगड झाले की लहान-मोठे क्रमाने लावून मधला आकडा घ्या, जवळच्या डोहाची खोलीही नोंदवा. दरवर्षी तीच जागा, तोच महिना. मधला आकडा वाढत असेल आणि डोह खोल होत असेल तर काही करू नका. दोन्ही घटत असतील तर वरच्या अंगाला बहुधा कुठेतरी दरड अजून माती सोडतेय. खर्च करायचा तर तिथे, ओढ्यात नव्हे.