तुम्ही विचारलंत म्हणून: त्या धक्काबुक्कीत काय आवडतं?

मिनियापोलिसला आमच्याकडे पुण्याहून कुणी आलं आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलेला असला, की हमखास विचारतात, "या धक्काबुक्कीत तुला काय आवडतं गं?" मी ॲलन पेजची गोष्ट सांगते.

खेळाडू म्हणून तो थोरच. बचावफळीतला, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९६७ पासून १५ मोसम खेळला, एकही सामना चुकवला नाही. १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोवर हा मान बचाव करणाऱ्याला मिळालाच नव्हता. तो ज्यात होता तो आमचा व्हायकिंग्ज संघ त्याच्या काळात चारदा सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोचला आणि चारही वेळा हरला. इथल्या म्हाताऱ्यांना ते अजून सलतं.

मला मात्र भुरळ पडते ती १९७५ नंतरच्या पेजची. पूर्वी एकदा लॉ कॉलेजात नाव घालून काही आठवड्यांतच त्याने ते सोडलं होतं. आता तिशीला आलेला, नावारूपाला आलेला हा गडी निवृत्तीची वाट न पाहता मिनेसोटा विद्यापीठात परत पहिल्यापासून कायदा शिकायला बसला. १९७८ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी संघाने त्याला काढलं! बायको डायेन सिगारेट सुटावी म्हणून धावू लागली होती, तिच्यासोबत हाही धावू लागला आणि त्याला त्याचं वेडच लागलं. अंग उतरलं. त्याच्या जागी खेळायला भरभक्कम माणूस लागतो, तो आता संपला असं प्रशिक्षकांचं मत झालं. शिकागो बेअर्सने त्याला घेतलं, आणि तिथे तो १९८१ पर्यंत खेळला. मधे १९७९ मध्ये मॅरेथॉनही पुरी केली. लीगमध्ये खेळत असताना हे करणारा तो पहिलाच.

पुढे १९९३ मध्ये ते आमच्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, तिथले पहिले कृष्णवर्णीय. (इथून पुढे मला अरेतुरे करवत नाही.) वयाच्या सत्तरीला, नियमाप्रमाणे, २०१५ मध्ये निवृत्त झाले.

आणखी एक सांगते. फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा गौरव करणारं संग्रहालय, त्यांच्या गावी, ओहायोतल्या कॅन्टनला आहे. ती इमारत उभी राहत होती तेव्हा शाळकरी वयात त्यांनी तिथे बांधकामावर काम केलं होतं. १९८८ मध्ये तिथेच त्यांचा सन्मान झाला. अशा वेळी खेळाडू आपल्या प्रशिक्षकाला नाहीतर सवंगड्याला परिचय करून द्यायला बोलावतात. पेज यांनी मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना बोलावलं, आणि स्वतः बोलले ते मुलांच्या शिक्षणावर.