नाताळचा फराळ आणि घरातली कुत्री-मांजरे

गोव्यात नाताळ केवळ ख्रिस्ती कुटुंबांपुरता राहत नाही. चतुर्थीला आमच्या नेवऱ्या (करंज्या) शेजारी जातात, तशी नाताळात शेजारून कोन्सुआदीची, म्हणजे नाताळच्या फराळाची, बशी आमच्याकडे येते. तिच्यात दोदोल, बेबिंका, बोलिन्ये ही गोव्याची मिष्टान्ने, नेवऱ्या आणि मनुका घातलेला केक असतो. ही देवाणघेवाण मला फार प्रिय आहे. परंतु कुत्रे पाळणाऱ्या घरात सणाचा सर्वांत मोठा धोकाही याच बशीतून येतो, असे माझे स्पष्ट मत आहे. लोक दिव्यांच्या माळा आणि झाडाची सजावट जपतात, मात्र टीपॉयवर उघड्या ठेवलेल्या केकची चिंता सहसा कोणी करत नाही.

द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल यास कारणीभूत असावे, असे पशुवैद्यक अलीकडे मानू लागले आहेत. किती मनुकांनी अपाय होईल हे कुत्र्यागणिक बदलत असल्याने सुरक्षित असे प्रमाण सांगता येत नाही, आणि म्हणूनच ‘एक तुकडा खाल्ला तर काय होते’ हा पाहुण्यांचा नेहमीचा प्रश्न मला अस्वस्थ करतो. सुरुवातीला उलट्या होतात, कुत्रे मरगळते, खाणे टाकते. पुढे एक-दोन दिवसांत लघवी कमी होऊ लागते, तोवर बराच उशीर झालेला असतो. केकमधील मनुका रममध्ये मुरवलेल्या असतील तर मद्याचा अपाय वेगळाच. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन हे कुत्र्यांना घातक असलेले द्रव्य त्यांच्या शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते, त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यासच सुमारे १७ ते १८ तास लागतात, आणि चॉकलेट जितके काळे व कडू तितका धोका अधिक. साखरेऐवजी झायलिटॉल वापरलेल्या गोळ्या किंवा च्युइंगम कुत्र्याने खाल्ले, तर अर्ध्या-एका तासातही त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बेबिंका आणि दोदोल विषारी म्हणता येणार नाहीत, तरी तूप व नारळाच्या रसाने जड झालेल्या या पदार्थांमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

तिखट जेवणाचेही तसेच आहे. सोरपोतेल किंवा विंदालू या मांसाच्या पदार्थांमधील कांदा-लसूण शिजला तरी त्याचा दोष जात नाही. त्यामुळे तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात आणि मांजरांना हा त्रास कुत्र्यांहून लवकर होतो. शिजलेली हाडे चावताना त्यांच्या टोकदार कपच्या होतात व त्या आतड्यात रुततात. फाटकाशी बसणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना जेवणावळीनंतर आपण प्रेमाने हाडे घालतो, तेव्हाही हे लक्षात असावे. त्यांना साधा भात घालावा.

सजावटीत मांजरांचा जीव खरोखर गुंततो तो चकचकीत झिरमिळ्यांत. अशी लांब पट्टी गिळली गेल्यास आतडे त्या धाग्यावर चुणले जाऊन फाटू शकते. तोंडातून किंवा मागून धागा दिसला तरी तो ओढू नये, थेट दवाखाना गाठावा. फुलदाणीत लिली असेल तर ती मांजराच्या घरात आणूच नये, कारण अंगावर पडलेले परागकण चाटल्याने किंवा फुलदाणीतले पाणी प्यायल्यानेही मांजराची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लाल पानांच्या पॉइन्सेटियाची भीती मात्र अवास्तव आहे. त्याच्या चिकाने तोंडाची आग होते व क्वचित उलटी होते, इतकेच.

आवाजाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. चोवीस तारखेला मध्यरात्रीच्या मिसेनंतर (चर्चमधील प्रार्थनेनंतर) फटाके वाजतात, आणि ३१ डिसेंबरला जुन्या वर्षाचा पुतळा जाळला जातो तेव्हा गल्लोगल्ली धडाका होतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचेच. घाबरलेले कुत्रे उघड्या बाल्कांवातून (घरापुढच्या ओसरीतून), लोकांच्या ये-जा करणाऱ्या पायांमधून बाहेर पळते आणि अंधारात वाट चुकते. त्यासाठी त्याला संध्याकाळीच फिरवून आणावे, आतल्या खोलीत पंखा सुरू ठेवून खिडक्या लावून घ्याव्यात, घरातले कोणीतरी त्याच्याजवळ थांबावे, आणि गळपट्ट्यावर फोन नंबर असावा. फारच भेदरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्यकाकडून औषध आधीच लिहून घ्यावे. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

पंचवीस तारखेला बरेच दवाखाने बंद असतात. त्या दिवशी कोणता पशुवैद्यक उपलब्ध असेल, याची चौकशी आदल्या आठवड्यातच करून त्याचा नंबर घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये ठेवावा. प्राण्याने काही खाल्ल्याचे कळताच मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण जास्त मीठ स्वतःच घातक ठरते. काय खाल्ले, अंदाजे किती, केव्हा आणि प्राण्याचे वजन किती, एवढे डॉक्टरांना सांगावे. वेष्टन मिळाले तर तेही सोबत न्यावे.