हिसका दिला की मासा गेला

लहानपणी मालवणात धक्क्यावर बसून गरवलंय, त्यामुळे मासे धरणं आपल्याला येतं असा माझा समज होता. डिसेंबर 2023 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यूस नदीच्या खाडीत लागोपाठ तीन मासे हातचे घालवले, तेव्हा तो उतरला.

स्पेकल्ड ट्राउट नावाचे हे मासे हिवाळ्यात उथळ पाणी सोडून आतल्या ओहोळांमधल्या खोल जागी गोळा होतात. कॅरी शहराहून दोन तास गाडी हाकून मी न्यू बर्नजवळ पोचलो तो डोक्यात उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या-लहान भरतीचा हिशेब घेऊन. शेजारचे आजोबा, ज्यांची होडी होती, ते हसलेच. न्यूस जिथे मिळते त्या पॅम्लिको साउंड या पसरट खाडीला बाहेरून वाळूच्या बेटांचा बांध असल्यामुळे चंद्राची भरती इथवर जेमतेम पोचते. पाणी चढतं-उतरतं ते वाऱ्यावर. रात्रभर पश्चिमेचा वारा होता. होडी पाण्यात सोडायच्या उतरणीच्या टोकाशी नुसता चिखल. गुडघाभर चिखलात उभं राहून होडी ढकलली. त्या थंडीबद्दल न लिहिलेलंच बरं.

आम्ही करणार होतो ते ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेणं. सात ग्रॅमच्या शिशाच्या डोक्याची गरी, तिच्यावर रबरी मासोळी, आणि मागे पंचवीसेक मीटर दोर. पाणी नऊ अंशांवर आलेलं, मासा सुस्त; म्हणून विजेची मोटर इतकी हळू की काठावरून चालणारा माणूस आरामात पुढे जाईल. तीन फुटांचं पाणी एकदम आठ फूट होतं, त्या कडेकडेने आम्ही येरझाऱ्या घालत होतो.

पहिली 'टक्' आली आणि मी जुन्या सवयीने सणसणीत हिसका दिला. दोर सैल. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी गरीला ओठाचा पातळ पापुद्रा अडकून आला, ओल्या कागदासारखा. या माशाचं तोंड इतकं नाजूक, की ओढलं की फाटतं.

"रॉडला हात लावू नकोस," आजोबा म्हणाले. "होडी चालतेय ना? तीच गरी रुतवेल."

रीळ सैल केली, रॉड खोबणीत ठेवला, हात खिशात घातले. अर्ध्या तासाने रॉड वाकला. मोटर चालूच ठेवली आणि सावकाश गुंडाळत आणून जाळीत घेतला. पाठीवर शेपटीपर्यंत काळे ठिपके, तोंडात पिवळसर-नारिंगी झाक, वरच्या जबड्यात पुढे सुळे. लांबी सतरा इंच. चौदाच्या खालचा ठेवता येत नव्हता आणि दिवसाला माणशी चारच. थंडीने बधिर होऊन मासे मेले, की शिकार बंदही ठेवतात. 2018 मध्ये जानेवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंद होती.

संध्याकाळी मालवणच्या काकांना फोटो पाठवला. तिकडे पहाट, पण काका जागेच. लगेच फोन.

"ट्राउट खंयचो? ह्यो ढोम्यांचो भाऊबंद दिसता मां!"

खरंच आहे. नाव ट्राउटचं असलं तरी कूळ घोळ-ढोम्याचं. नर विणीच्या दिवसांत पोटातून ढुमढुम आवाजही काढतात.

"भाजतलंस की तळतलंस?"

"रवा लावून तळतो, काका."

"मांस मऊ आसतला. परतताना हिसको देव नको."