तुम्ही विचारलंत म्हणून: "शब्द तरी कळतात का त्यातले?"

हा प्रश्न मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच. ऑफिसात डबा खाताना, कुणाच्या तरी लग्नात, एकदा तर लोकलच्या लेडीज डब्यात, माझ्या इयरफोनमधून बाहेर येणारा आवाज ऐकून. मी चाळिशी ओलांडलेली, डोंबिवलीची, सुती कुर्ते घालणारी बाई आणि ऐकते हेवी मेटल, म्हणजे रॉक संगीतातला जड, कर्कश्श गिटारींचा प्रकार. लोकांना हे जुळवता येत नाही. मग चेहऱ्यावर काळजी आणून विचारतात, "अहो, पण शब्द तरी कळतात का त्यातले?"

कधी कळतात, कधी नाही. नाही कळले तरी माझं काही अडत नाही. तराणा ऐकताना 'दीम तनन'चा अर्थ काय, असं तुम्ही कधी विचारलंयत? शिवाय मेटल म्हणजे सरसकट गुरगुरणं असा जो समज आहे, तो चुकीचा आहे. आयर्न मेडन या बँडच्या ब्रूस डिकिन्सन या गायकाचा एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो, कित्येक हिंदी गाण्यांपेक्षा स्वच्छ. गुरगुरणारे गायक वेगळे, ते प्रामुख्याने डेथ मेटल या मेटलच्याच एका उपप्रकारातले. तेही गळा फाडून ओरडत नाहीत. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्या कंप पावतील असं गातात. त्याचा रियाज करावा लागतो, नाहीतर दोन कार्यक्रमांत आवाज बसेल.

पण मी मेटलकडे शब्दांमुळे गेलेच नाही. मला धरून ठेवलं ते रिफनं. रिफ म्हणजे गिटारवरचा एक छोटा स्वरसमूह, पुन्हा पुन्हा येणारा, ज्यावर अख्खं गाणं उभं असतं. ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्याचं रेकॉर्डिंग जवळजवळ एका दिवसात उरकलेलं. सुरुवातीला पाऊस, लांबवर चर्चची घंटा, आणि मग गिटारवर तीनच स्वर: षड्ज, वरचा षड्ज, तिथून खाली येऊन तीव्र मध्यम. पंचमाला शिवायचंच नाही. हे मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितलं, ती वर्षानुवर्षं गाणं शिकलेली. ती लगेच म्हणाली, "म्हणजे मारव्यासारखं गं, टेकायला जागाच नाही." स्वरांच्या हिशेबात हे फार काटेकोर नाही, कारण मारवा रागात कोमल रिषभाचाही मोठा वाटा आहे. पण अस्वस्थता तीच. मला इतकी वर्षं जे नीट सांगता येत नव्हतं ते तिनं चपातीचा घास हातात धरून सांगून टाकलं.

हे स्वर वाजवणाऱ्या टोनी आयोमीची गोष्ट मेटल ऐकणारा प्रत्येक जण कधी ना कधी कुणाला तरी सांगतो, तर मीही सांगते. तो सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जातच नाही. आई म्हणाली, काम नीट पुरं करून ये. गेला, आणि यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. मग कारखान्यातला एक वरिष्ठ त्याच्याकडे एक रेकॉर्ड घेऊन आला आणि म्हणाला, ऐक. ती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची होती. जँगोचा हात तरुणपणी गाड्याला लागलेल्या आगीत भाजला होता आणि तो जवळजवळ दोन बोटांवर एवढं सगळं वाजवायचा. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे तर तारा सैल करून खालच्या पट्टीत वाजवायला लागला. मेटलचा तो जड, खोल आवाज बराचसा तिथून आलाय.

या गोष्टीत लोकांना जिद्द वगैरे दिसते. मला तो रेकॉर्ड घेऊन आलेला माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यानं धीराचे चार शब्द सांगून पाठ फिरवली असती तर? त्यानं 'हे ऐक' म्हणून वस्तू हातात ठेवली. मेटल असंच पसरत आलंय. आपल्याकडे रेडिओवर ते जवळजवळ नव्हतंच आणि टीव्हीवर आलं तर रात्री उशिरा. ते यायचं कुणाच्या तरी भावाकडून, कॅसेटवर कॅसेट भरून.

माझ्याकडे आलं ते मावसभावाकडून. तो गिरगावात राहायचा, झेवियर्सच्या बाजूच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक ऐकायला जायचा. १९८६ मध्ये सुरू झालेला तो जलसा, ऑगस्टमधला, म्हणजे ऐन पावसाळ्यात आणि उघड्यावर. देशभरातले बँड तिथे वाजवायचे. मला घरून परवानगी नव्हती. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचे आणि कोण चांगलं वाजलं, कुणाचा अँप बंद पडला, कुणाला लोकांनी पळवून लावलं, हे सगळं त्याच्या बसलेल्या आवाजात ऐकायचे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनचे कार्यक्रमच थांबले. मी तिथे कधीच गेले नाही, पण तिथल्या बाकांचं वर्णन मला आजही करता येईल. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये मात्र आम्ही दोघं जायचो. विकत घ्यायला पैसे एका कॅसेटचे, ऐकून बघायच्या पाच. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं.

मग १ फेब्रुवारी २००८. आयर्न मेडन, वांद्रे-कुर्ला संकुल. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. बँड, बाकीची माणसं आणि टनावारी सामान एकाच बोइंग ७५७ मधून फिरत होतं आणि विमान चालवणाऱ्यांत खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन होता. मुंबईत उतरायचं आणि मग पिरॅमिडच्या सजावटीपुढे दोन तास गायचं. मी ऑफिसातून थेट गेले, पर्समध्ये डबा तसाच. गेटवरच्या बाईनं तो उघडून बघितला, वास घेतला आणि सोडलं.

त्या रात्रीतलं मला काय आठवतं? मेडनच्या स्टीव्ह हॅरिसचा बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. बोटांनी वाजवतो तो, आणि एका मात्रेत एक लांब, दोन तोकडे असे आघात घेतो. ती घोडदौड कानांआधी छातीत कळते. १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बममधलं तेरा मिनिटांहून मोठं शेवटचं गाणं त्यांनी पूर्ण वाजवलं. एका खलाशाच्या जुन्या इंग्रजी कवितेवर बेतलेलं आहे ते. मधे बँड जवळजवळ थांबतो, नुसता बास आणि जहाजाच्या लाकडांची करकर. आणि हजारो माणसं गिटारच्या सुरावटी गात होती. शब्द नाहीत, नुसतं ओ-ओ-ओ. माझ्या एका बाजूला शिलाँगहून आलेली पोरं, दुसऱ्या बाजूला पुण्याचा एक टक्कल पडलेला गृहस्थ. सगळ्यांना एकेक सूर पाठ. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिथेच होतं.

पिटबद्दलही विचारतात, की बाई म्हणून भीती नाही वाटली? स्टेजपुढे पोरं एकमेकांवर आदळतात त्या गोलाला पिट म्हणतात. तिथला पहिला नियम, कुणी पडलं की आधी उचलायचं. एक मुलगा हात उंच करून कुणाचा तरी बूट दाखवत फिरत होता, "किसका है? किसका है?" मी कडेला उभी होते आणि धक्के खाल्लेच. पण सहा वाजताच्या ठाण्याच्या गर्दीत मला ज्या नजरा आणि कोपरं सहन करावी लागतात, तसलं तिथे काही झालं नाही. सगळीकडे असंच असतं असा माझा दावा नाही. (मेटालिका हा बँड २०११ मध्ये बेंगळुरूला आला तेव्हा मला जमलं नाही. त्यावर बोलायचं नाही.)

आता कुठून सुरुवात करू, असं विचारणाऱ्यांसाठी. सॅबथचा पहिला अल्बम, रात्री, आणि मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको. मग मेडनचा 'पॉवरस्लेव्ह'. मेटालिकाचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' त्यानंतर. दिल्लीचा ब्लडीवूड बँड ढोल आणि बासरी घेऊन येतो. पोरांना फार आवडतो, मला अर्धा पटतो. मुंबईच्या डिमॉनिक रेझरेक्शन या बँडचा २०१७ चा अल्बम 'दशावतार' मात्र जरूर ऐका, दहा अवतारांवर दहा गाणी. तो घरी लावला तेव्हा आमच्या कुडाळच्या सासूबाईंनी मत्स्य, कूर्म, वराहापर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "संकासुर खंय आसा?" दशावतारी नाटकात तो आधी यायलाच हवा. प्रश्न रास्त होता.

मैत्रिणीला मी सॅबथ दिला, तर तिनं बदल्यात मला उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा दिला. हल्ली येता-जाता तोच ऐकतेय. तिनंही सॅबथ पूर्ण ऐकला, दोनदा. तिचं म्हणणं, पोरं गुणी आहेत, पण घाई फार करतात. एवढा चांगला तीव्र मध्यम सापडलाय तर अर्धा तास तरी त्यावर बसायला काय हरकत होती?