आणि नकुल-सहदेव

परवा दुपारी जेवण अंगावर आलं होतं, म्हणून लॅपटॉप अपडेट करायला घेतला. यात काम केल्याचं पुण्य लागतं आणि करायचं काहीच नसतं. टर्मिनल, म्हणजे लेखी हुकूम द्यायची खिडकी, उघडायचा, 'सुडो ॲप्ट अपडेट' लिहायचं (ॲप्ट म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीत प्रोग्रॅम आणून बसवणारा कारभारी), पासवर्ड द्यायचा आणि ओळी सरसर वर जाताना बघत बसायचं. बायको म्हणते, दूध तापत ठेवल्यासारखा बसतोस.

अपडेट आणि अपग्रेड यांतला फरक मला कुणी शिकवावा लागला नाही. आमच्या वाईच्या घरी मामा होते. महिन्याच्या एक तारखेला ते आधी नुसतेच वाण्याकडे जाऊन यायचे. तूरडाळ काय भावाने, शेंगदाणे नवे आलेत की जुनेच, सगळं पाठकोऱ्या कागदावर लिहून आणायचे. पिशवी रिकामी. हे अपडेट. मग आजी यादी सांगणार, मामा पुन्हा जाणार आणि सामान घरात येणार, ते अपग्रेड. नुसतं अपडेट मारून 'केलं बुवा सगळं नवं' म्हणणारे भेटले की मला ती रिकामी पिशवी आठवते.

सामान आलं की मामा एकेक पुडी घरच्या तागडीत पुन्हा तोलायचे. ॲप्टचंही तसंच. यादीवरची सही तपासतं, आलेल्या फायलीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, यादीतल्या हॅशशी ताडून बघतं, जुळला नाही तर माल आत घेत नाही. मामा एक पाऊल पुढे होते. पुडीचा कागद आणि दोरा वेगळा तोलून तेवढं वजन वजा करायचे. वाणी त्यांना बघितलं की आधीच चार दाणे जास्त टाकायचा.

ॲप्ट ज्यातलं, ते डेबियन नावाचं लिनक्स इयान मर्डॉकने १९९३ साली सुरू केलं, त्या नावात मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव आधी आणि आपलं नंतर घातलं. ॲप्ट आलं ते १९९८ च्या सुमारास. त्याच्या पोटात डीपीकेजी असतं, पण ते हाती दिलेली पुडी तेवढी बसवतं. हिच्याबरोबर आणखी काय लागतं ते शोधणं तुमच्याकडे. पुरणाला डाळ आणली तर गूळ नाही, गूळ आणला तर जायफळ नाही. ॲप्ट सगळं एका खेपेत आणतं. शिवाय 'ॲप्ट-गेट मू' लिहिलं तर अक्षरांची गाय काढून 'आज हंबरलात का?' असंही विचारतं. हे मामांना फार आवडलं असतं.

तर परवा सगळं झाल्यावर खाली नेहमीची सूचना आली: पुढील पॅकेजेस आपोआप आली होती, आता त्यांची गरज नाही. ऑटोरिमूव्ह करा. मी एरवी न वाचताच करतो. या वेळी नावं वाचली. फॉन्ट्स-नकुल, फॉन्ट्स-सहदेव.

देवनागरीचे फॉन्ट. कशाबरोबर आले होते, आठवेना. ज्याच्याबरोबर आले ते मी कधीतरी काढून टाकलं असणार. पांडवांची नावं सांगतानाही हे दोघे असेच येतात, धर्म, भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव, एका दमात. माद्रीबरोबर आले, माद्री गेली, हे राहिले.

मामाही कोणाचे मामा नव्हते. आजोबांची विधवा बहीण माहेरी परत आली तेव्हा तिची ट्रंक घेऊन जो माणूस आला, तो. तिच्या सासरकडचा कुणीतरी. ट्रंक ठेवून रात्रीच्या गाडीने जाणार होते, ती गाडी चुकली. पुढे बारा वर्षांनी आत्याआजी गेली. तेराव्याच्या पंगतीत, मामा वाढत असतानाच, एका नातेवाइकाने आजोबांना विचारलं, "आता यांचं इथे काय?" पानावरचे हात थांबले. मामा भाताचं पातेलं घेऊन तसेच उभे.

आजोबांनी उत्तर दिलं नाही. भात मागून घेतला, कालवला आणि म्हणाले, "मामा, परवा एक तारीख. भाव काढून आणा."

ऑटोरिमूव्ह विचारतं, पुढे जाऊ? आणि कंसात मोठा वाय, धाकटा एन. म्हणजे नुसतं एंटर दाबलं की होकार. देवनागरीत अक्षरांत असं मोठं-धाकटं नाही. मी एन दाबला.

मग 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' लिहून पुढे दोघांची नावं घातली. म्हणजे हे मी स्वतः आणलेत, आता यांच्याबद्दल विचारायचं नाही. जागा म्हणाल तर सुप्रभाताच्या एका व्हिडिओपेक्षा कमीच खातात.

हे सगळं मी लोहित फॉन्टमध्येच लिहितोय. नकुल कसा दिसतो ते अजून उघडून पाहिलेलं नाही.