आईच्या रिपोर्टात फोलेट एकदम फुल्ल!

गेल्या पावसात आईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे, आई दर शुक्रवारी देवीला अबोलीचा वळेसर (गजरा) स्वतः करून नेते, आणि ती म्हणायला लागली की केळीचा दोरा हाताला लागतच नाही रे, बोटं माझी नव्हेतच जणू. वर जीभ लालबुंद आणि जिना चढताना धाप. शेजारच्या काकींनी निदान करूनच टाकलं, रक्त कमी झालंय म्हणून. वहिनीच्या गरोदरपणातली फोलिक ॲसिडची पट्टी कपाटात उरलेली होतीच, ५ मिलिग्रॅमवाली, ती आईने रोज एक अशी आठवडाभर घेतली आणि कोणाला बोललीही नाही.

मग टेस्ट केली. हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही १०८ (हे तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान, साधारण ८० ते १०० हवं), म्हणजे पेशी गरजेपेक्षा मोठ्या. आणि सीरम फोलेटसमोर (फोलेट म्हणजे बी९ जीवनसत्त्व, फोलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) "२० पेक्षा जास्त", म्हणजे मशीन मोजू शकते त्याच्याही वर. मी खूश. म्हटलं चला, फोलेट तर ओतप्रोत आहे, ते कारण नक्कीच नाही.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "आई, गोळ्या काय काय घेता?" आईने पट्टीचं सांगितलं तेव्हा मला कळलं की आपण रिपोर्ट वाचत नव्हतो, गेल्या आठवड्यातल्या गोळ्या मोजत होतो.

सीरम फोलेट म्हणजे रक्ताच्या पाण्यात आत्ता फिरत असलेलं फोलेट, ते चार दिवसांत वर जातं नि चार दिवसांत खाली येतं. आदल्या दिवशी तांबडी भाजी आणि अळसांद्यांचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) दाबून जेवलात तरी त्याचा परिणाम दिसू शकतो, म्हणून उपाशीपोटी रक्त द्यायला सांगतात. दर मिलिलिटरला साधारण ३ नॅनोग्रॅमच्या खाली गेलं तर कमतरता समजतात, ४ च्या वर बहुतेक ठीक. ह्याचा दुसरा भाऊ म्हणजे आरबीसी फोलेट, तांबड्या पेशींच्या आतलं. पेशी तयार होतानाच ते आत भरलं जातं आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब देतो. पण ती टेस्ट किचकट, सगळीकडे होत नाही. आणि एक गंमत, पेशींच्या आत फोलेट सीरमपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे रक्त काढताना पेशी फुटल्या तर सीरमचा आकडा उगाच फुगतो. म्हणून लॅबवाले कधीकधी परत बोलावतात, तेव्हा चिडू नका.

खरं दुखणं होतं बी१२ ह्या दुसऱ्या जीवनसत्त्वाची कमतरता. १२८ आलं, लॅबची खालची मर्यादा २०० च्या आसपास. आई शाकाहारी, दूधही जेमतेम. बी१२ नसलं की फोलेट शरीरात एका रूपात अडकून पडतं, वापरलं जात नाही, मग सीरममध्ये ते नॉर्मल किंवा जास्तही दिसतं. एकटं फोलिक ॲसिड देत राहिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे म्हणतात बरी झाली, आणि आत नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, नुकसान चालूच राहतं. हे ऐकून कपाटातल्या त्या पट्टीबद्दल माझ्या पोटात गोळा आला. शंका राहिलीच तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड हे रक्तातले दोन पदार्थ बघतात, पहिलं दोन्ही कमतरतांत वाढतं, दुसरं फक्त बी१२ च्या.

फोलेटच्या शोधाची सुरुवात आपल्या शेजारच्या मुंबईत झाली हे मला माहीत नव्हतं. लुसी विल्स नावाच्या डॉक्टर १९२८ च्या सुमारास तिथे आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांचा ॲनिमिया तपासायला, आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या खाद्यपदार्थाने त्या बाया बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं. त्या घटकाला फोलिक ॲसिड हे नाव १९४१ मध्ये मिळालं, पालकाच्या पानांतून वेगळा काढला तेव्हा, लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान.

आईला बी१२ ची इंजेक्शनं चालू झाली. फोलिक ॲसिड बंद नाही, पण आता डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. मुंग्या हळूहळू ओसरतायत, परवा वळेसर केला, थोडा वाकडा. "देवीक चलता," म्हणाली.