एस्टीमचं इंजिन बांधताना: मी कॅम आधी घेतला

जुन्या मारुती एस्टीम गाडीचं 1298 सीसीचं इंजिन शर्यतीसाठी बांधायला घेतलं आणि सगळ्यात आधी आणला तो 300 अंशांचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; अंश जितके जास्त, तितका वेळ व्हॉल्व्ह उघडा. पिस्टन, त्यांच्यावरचं झाकण म्हणजे हेड, व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंगा, सगळं मूळचंच. पाच हजार आर्पीएमखाली (इंजिनचे मिनिटाला फेरे) गाडीत जीव राहिला नाही, आणि सात हजारांवर स्प्रिंगा व्हॉल्व्हला वेळेत मिटवू शकेनात, व्हॉल्व्ह तरंगून इंजिन फडफडायला लागलं.

इंदुरात सांवेर रोडला लेथ चालवणारे एक काका आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आधी हे सांग, गाडी पळणार कुठे?"

"कोइंबतूरला काका, करी मोटर स्पीडवेवर." म्हणजे 2.1 किलोमीटरचा छोटा, वळणावळणांचा ट्रॅक.

पोहे खाल्लेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूला त्यांनी हिशेब मांडला. दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना आर्पीएम जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरतात. 7800 ला गिअर बदलला तर काटा 5300 ला येणार. तेव्हा ताकद तिथपासून हवी. माझा कॅम सहा हजारांनंतर जागा होणारा. त्यात इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारा, उशिरा मिटतो, त्यामुळे कमी आर्पीएमला वर येणारा पिस्टन भरलेलं मिश्रण मागे ढकलतो.

वरची मर्यादाही त्यांनीच घातली. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 75.5 मिलिमीटर, म्हणजे आठ हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 20 मीटर. सहा हजारांच्या तुलनेत पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण पावणेदोनपट. पण मोबदलाही तसाच: सहा हजारांवर 10 किलोग्रॅम-मीटर टॉर्क म्हणजे 84 अश्वशक्ती, साडेसात हजारांवर 9.5 टिकला तर जवळपास 100.

मग 280 अंशांचा कॅम घेतला, त्याला साजेशा कडक स्प्रिंगा घेतल्या, आणि कॉम्प्रेशन वाढवायला, म्हणजे मिश्रण जास्त दाबलं जावं म्हणून, हेड खालून घासून प्लेन करून घेतलं. इथे नवीन पेच आला. हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, शिवाय बेल्टवरचा कॅम किंचित मागे पडतो. कॅम परत जागेवर आणायला त्याला फिरवता येणारी पुली लावली.

व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील इतके जवळ आलेत का ते पाहायला काकांनी पिस्टनवर तेल लावून मुलांची खेळायची माती दाबली. हेड बसवलं, क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवली, परत उघडलं. मातीत व्हॉल्व्हचे चंद्रकोरीसारखे ठसे उमटले होते. ब्लेडने ठसा मधोमध कापून तिथल्या मातीची जाडी मोजायला व्हर्निअर लावला: इनटेकला फक्त 1.1 मिलिमीटर. माझ्या पोटात गोळाच आला. काका एवढंच म्हणाले, "दोनच्या खाली मी इंजिन बांधत नाही." चारही पिस्टनांवरचे, व्हॉल्व्हला जागा देणारे खळगे खोल करून घेतले, पुन्हा माती लावली, तेव्हा 2.1 मिळाले.

करीवर दुसऱ्या फेरीत 7800 ला तिसरा टाकला. काटा 5300 ला आला आणि गाडीने तिथूनच ओढ घेतली.